वाचकांचे प्रश्न : प्रोटिस्टा म्हणजे नेमके कोण?

प्रश्न : माझ्या मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अमिबा, युग्लीना, पॅरामेशियम आणि हिवतापाचा प्लाझ्मोडिअम यांना ‘प्रोटिस्टा’ या एकाच सृष्टीत घातले आहे. एक सरपटतो, एक हिरवा आहे, एक आपल्या रक्तात राहतो. मग यांच्यात सारखे काय, असे तिने विचारले आणि मी निरुत्तर झालो. – एक पालक, सांगली

उत्तर : आपल्या मुलीची शंका अगदी रास्त आहे. हे सगळे दृश्यकेंद्रकी आहेत, म्हणजे त्यांच्या पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक असते, आणि त्यामुळे ते जीवाणूंपासून वेगळे पडतात. सर्वांना लागू पडणारे लक्षण जवळपास एवढेच. बाकीची ओळख नकाराने पटते : जो दृश्यकेंद्रकी सजीव प्राणी नाही, वनस्पती नाही आणि कवक म्हणजे बुरशीही नाही, तो प्रोटिस्टा. घरात भांडी, कपडे, पुस्तके जागच्या जागी लावून झाल्यावर जे उरते ते ज्या खणात जाते, तसा हा खण आहे. एर्न्स्ट हेकेल यांनी 1866 मध्ये हे नाव दिले तेव्हा त्यात जीवाणूही होते. रॉबर्ट व्हिटेकर यांनी 1969 मध्ये सजीवांना पाच गटांत वाटणारी पंचसृष्टी पद्धत मांडली आणि तीच शालेय पुस्तकांत रुळली.

म्हणूनच प्रोटिस्टांच्या वैशिष्ट्यांआधी ‘बहुधा’ हा शब्द लावणे भाग पडते. ते बहुधा एकपेशीय असतात. पण त्यांच्यातच गणले जाणारे केल्प हे तपकिरी शैवाल तीस मीटरांहून लांब वाढते. ते बहुधा पाण्यात किंवा ओलाव्यात राहतात आणि पेशीचे दोन भाग करून वाढतात, तरी पॅरामेशियमसारख्यांत दोन पेशी एकमेकींना चिकटून केंद्रकातील द्रव्याची देवाणघेवाणही करतात. पोषणावरून पाहिले तर शैवाले स्वयंपोषी, अमिबासारखे आदिजीव परपोषी, आणि युग्लीना दोन्ही डगरींवर हात ठेवून : उजेडात हरितलवकांच्या बळावर अन्न तयार करते, अंधारात पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये शोषून घेते. आदिजीवांचे प्रकार परंपरेने चालीवरून पाडले जातात. अमिबाला छद्मपाद (पेशीतून तात्पुरते पुढे येणारे फाटे), युग्लीनाला कशाभिका (चाबकासारखा धागा), पॅरामेशियमला अंगभर रोमके (केसांसारखे बारीक तंतू). प्लाझ्मोडिअमला रक्तात असताना यांपैकी काहीच नसते, कारण त्याचा प्रवास डास आणि रक्तप्रवाह करून देतात.

एकपेशीय म्हणजे साधा, असे मात्र तिला सांगू नका. गोड्या पाण्यातल्या अमिबाच्या शरीरात बाहेरचे पाणी सारखे शिरत असते, कारण आतला द्रव बाहेरच्या पाण्यापेक्षा संहत म्हणजे दाट असतो. ते उपसले नाही तर पेशी फुगून फुटेल. सूक्ष्मदर्शकाखाली धीर धरून पाहिले, तर एक पारदर्शक फुगा हळूहळू भरताना, मग एकदम रिता होऊन नाहीसा होताना आणि थोड्या वेळाने पुन्हा भरू लागताना दिसतो. हीच संकोची रिक्तिका. समुद्रातल्या अनेक अमिबांना ती नसते, कारण तिथे उपसण्याचे कामच नसते.

प्रश्न : द्राक्षावरचा डाऊनी रोग ही ‘खरी बुरशी नाही’ असे चर्चासत्रात ऐकले. बुरशीनाशकच मारतो ना आपण? – एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. द्राक्षावरचा दुसरा रोग भुरी, ही खरी बुरशी. डाऊनी घडवणारा प्लाझ्मोपारा विटिकोला हा बुरशीसारखा दिसणारा प्रोटिस्टा आहे. बुरशीची पेशीभित्तिका कायटिनयुक्त असते, याची सेल्युलोजयुक्त असते. पानावर वरून तेलकट पिवळा डाग आणि त्याखाली पांढरी लव दिसते; त्या लवेतल्या बीजाणूंतून, पान ओले असेल तर, दोन कशाभिका असलेल्या पेशी बाहेर पडतात आणि पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत पर्णरंध्रापर्यंत पोहोचतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनीची धास्ती का वाटते, त्याचे कारण हेच. भुरीला असे साचलेले पाणी लागत नाही.

फवारणीतही हा फरक महत्त्वाचा ठरतो. भुरीवर चालणारी हेक्झाकोनॅझोलसारखी औषधे बुरशीच्या पटलातील अर्गोस्टेरॉल हे द्रव्य तयार होऊ देत नाहीत. डाऊनीचा जीव ते तयार करतच नाही, म्हणून त्याच्यावर ती वाया जातात. उलट मेटालॅक्झिल डाऊनीवर चालते, भुरीवर नाही. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण तर याच रोगावर आले : अमेरिकेतून आलेला डाऊनी 1878 मध्ये फ्रान्समध्ये आढळला आणि 1885 मध्ये पियेर मिलार्दे यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. बटाट्याचा उशिरा येणारा करपा, ज्याने 1845 पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ ओढवला, तो याच्याच भाऊबंदांपैकी. डाऊनीचे नाते बुरशीपेक्षा वर सांगितलेल्या केल्पशी अधिक जवळचे आहे, हे मात्र बागेत उभे राहून पटणे कठीण.

प्रश्न : रात्री किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकताना पाहिल्या. हे फॉस्फरस का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. कोकण किनाऱ्यावर दिसणारी ही चमक बहुधा नॉक्टिल्युका या प्रोटिस्टाची असते. लाट फुटून धक्का बसला की त्याच्या पेशीतील ल्युसिफेरिन या द्रव्याचे ल्युसिफेरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने ऑक्सिडीकरण होते आणि निळसर उजेड पडतो. म्हणून ओल्या वाळूवर पाय आपटला तरी ठिणग्या दिसतात. एकच पेशी असूनही तो साध्या डोळ्यांना ठिपक्याएवढा दिसू शकतो. स्वतः परपोषी असला, तरी उत्तर अरबी समुद्रातल्या हिरव्या नॉक्टिल्युकाच्या पोटात सूक्ष्म हिरवी शैवाले राहतात आणि त्याला अन्न पुरवतात. सांगलीच्या पालकांनी मुलीला हेही सांगावे की वंशवृक्षावर हा चमकणारा जीव अमिबाच्या नव्हे, तर पॅरामेशियम आणि प्लाझ्मोडिअम यांच्या फांदीवर बसतो.