फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून ग्रॅव्हल सायकलने फिरायला शांत मार्ग कोणता? हाताशी सहा दिवस आहेत.

तुम्ही लिहिलंय की लुआर नदीकाठचा मार्ग जवळपास ठरलाय, फक्त 'गर्दी फार असते का' एवढी शंका आहे. असते. शिवाय त्यातला बराच रस्ता गुळगुळीत आहे, त्यासाठी ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची जाड टायरची सायकल पुण्याहून खोक्यात घालून आणायची काही गरज नाही. मी पॅरिसजवळ राहते. नवरा आणि मी दर उन्हाळ्यात सायकली घेऊन कुठेतरी निघतो. मला विचाराल तर लुआर सोडा आणि मोर्व्हाँला जा.

मोर्व्हाँ हा बर्गंडीतला ग्रॅनाइटचा डोंगराळ टापू. बर्गंडी म्हटलं की लोकांना वाइन आठवते, पण इथे द्राक्षाचा वेल औषधालाही सापडत नाही. जंगल, पांढऱ्याशुभ्र शारोले गायी आणि नाताळासाठी लावलेली सूचिपर्णी झाडं, एवढंच. सगळ्यांत उंच ठिकाण ओ-फोलँ, 901 मीटर, म्हणजे सिंहगडापेक्षाही बुटकं. पण त्यावरून अंदाज बांधू नका. एक लांब घाट चढून मोकळं होण्यातला हा प्रकार नाही. दिवसभर लहान लहान टेकाडं येत राहतात, आणि चौथ्या तासाला मांड्या बोलायला लागतात.

इथे मुरमाच्या इतक्या वाटा का, याचं उत्तर लाकडात आहे. 16व्या शतकाच्या मध्यापासून पॅरिसचं सरपण मोर्व्हाँतून जात असे. टोकाला व्यापाऱ्याचा शिक्का ठोकलेले ओंडके ओढ्यात सोडून द्यायचे, ते वाहत क्लाम्सी गावापर्यंत यायचे. तिथे शिक्के बघून कुणाचं कुठलं ते वेगळं करायचं, मोठमोठे तराफे बांधायचे आणि ते यॉन नदीतून, पुढे सेन नदीतून पॅरिसला. सेताँचा तलाव तुम्हाला नकाशावर दिसेल. तो नैसर्गिक नाही. 1850च्या दशकात ओढ्यांना पाणी सोडून लाकूड वाहतं ठेवण्यासाठी बांधलेलं ते धरण आहे. आता त्याच डोंगरांत डग्लस फर या सूचिपर्णी झाडाची लागवड आहे. तोडलेलं लाकूड नेणाऱ्या ट्रकांसाठी केलेले खडीचे रस्ते आपल्याला आयते मिळतात. नुकतीच तोड झालेली असेल तर मात्र घोटाभर चिखलाची चाकोरी समजा आणि खुशाल उतरून ढकला.

लाकडासारख्याच इथल्या बायकाही पॅरिसला गेल्या, 19व्या शतकात, श्रीमंतांच्या बाळांना अंगावर पाजायला. त्या पैशातून गावाकडे बांधलेल्या घरांना 'दुधाची घरं' म्हणतात. आलीन्यी गावात या दाईंचं संग्रहालय आहे. सेताँहून थोडी वाट वाकडी करावी लागते, पण बघाच. आम्ही अर्ध्या तासासाठी म्हणून गेलो आणि दुपार तिथेच गेली.

मार्ग असा धरा. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून प्रादेशिक गाडीने ओसेर. या गाडीत सायकल न खोलता तशीच चढवता येते. पुढचे साठेक किलोमीटर निव्हेर्ने कालव्याच्या काठाने क्लाम्सी. सपाट आहे, प्रवासाचा शीण उतरायला बरं. दुसऱ्या दिवशी वेझले. इथलं टेकडीवरचं चर्च 1979 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथे माणसं दिसतील. ती पाहून घ्या, पुढचे तीन दिवस दिसणार नाहीत. मग कारे-ले-ताँब, जिथे चर्चभोवती शंभरावर दगडी शवपेट्या मांडून ठेवल्यासारख्या पडल्या आहेत. तिथून जंगलातून सेताँ, मग शातो-शिनाँ. मित्तेराँ राष्ट्राध्यक्ष होण्याआधी 22 वर्षं या गावाचे महापौर होते. इथून पश्चिमेला शातियाँला उतरलात की पुन्हा तोच कालवा भेटतो, आणि त्याच्या काठाने उत्तरेला परत क्लाम्सी. सगळं मिळून तीनशेच्या आतबाहेर. आव्हालाँहून भूमध्य समुद्रापर्यंत जाणारा सुमारे 1,400 किलोमीटरचा माउंटन बाइकचा मार्गही मोर्व्हाँतून जातो. त्याच्या खुणा दिसल्या तर मोह होईल, पण त्यातले काही तुकडे ग्रॅव्हल सायकलला झेपणारे नाहीत.

आता खरी अडचण. शांतता हवी म्हणता ना, तर शांतता म्हणजे दुकान नाही. पहिल्या वर्षी आम्ही सोमवारी जंगलात शिरलो. फ्रान्सच्या खेड्यात सोमवारी बेकरी बंद, हॉटेल बंद. दुपारी एका गावात पोचलो तेव्हा बाटल्या कोरड्या, खिशात शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक तुकडा. नवऱ्याने कुठेतरी वाचलं होतं की पाणी कब्रस्तानात मिळतं. खरंच मिळतं. फुलांना घालण्यासाठी फाटकाजवळ नळ असतो, शेजारी हिरव्या झाऱ्या टांगलेल्या. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, एवढं बघायचं. मी बाटली लावली तेवढ्यात मागून एक आजी झारी घेऊन आल्या. मी घाईघाईने पाण्याचं समजावू लागले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "बोंझूर." म्हणजे आधी नमस्कार, मग बाकीचं. मी ओशाळून बोंझूर म्हटलं. मग त्यांनीच सांगितलं, पुढच्या गावात गॅरेजच्या भिंतीला पावाचं यंत्र आहे, नाणी टाका. यंत्रातून बगेत, म्हणजे लांबलचक फ्रेंच पाव, पडतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बेकरीतल्या पावाची मजा नव्हती त्याला, तरी आम्ही दोघांनी तिथेच उभ्याने संपवला.

म्हणून मुक्काम ठरवताना किलोमीटर नंतर मोजा, आधी बेकरीचे वार बघा. जेवण 12 ते दीडच्या आत मिळालं तर मिळालं. शाकाहारी असाल तर पाव, चीज, फळं बरोबर ठेवा. गरम काहीतरी हवंच असेल तर लहान गॅसवर मेतकूट-भात, आम्ही तेच करतो.

टायर 40 मिमीपेक्षा बारीक नको, ट्यूबलेस असेल तर उत्तम. सगळ्यांत हलका गिअर एकास एक तरी असावा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चक्राचे दाते सारखे. ग्रॅनाइटच्या रेताड वाटांवर पाऊस पडला तरी पाणी निथळतं, वेझलेच्या आसपासची चिकणमाती मात्र मडगार्डात घट्ट बसते. मे ते जून किंवा सप्टेंबरची सुरुवात निवडा. त्यानंतर शिकारीचा हंगाम रंगात येतो. वाटेवर 'शिकार चालू' अशी पाटी दिसली तर हट्ट न करता मागे फिरायचं, रविवारी तर नक्कीच.

शेवटच्या दिवशी कालव्याकाठच्या सार्दीला सावकाश जा. तिथे तीनेक किलोमीटरांत सोळा लॉक, म्हणजे बोट पायरीपायरीने उतरवणारे दारांचे हौद, एकामागोमाग एक खाली उतरतात. बोटीला त्याला कित्येक तास लागतात, सायकल दहा मिनिटांत खाली. एखादी बोट अडकलेली दिसली तर थांबा, लॉकचं दार फिरवायला हात लावू देतात कधीकधी. क्लाम्सीला परतीच्या गाडीला वेळ असेल तर पुलावर ओंडकेवाल्याचा पुतळा आहे, हातात आकडीची काठी घेतलेला. समोरच्या कॅफेत बसून बूट वाळवता येतात.