स्टेटस ठेवू की नको? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

यावेळची बरीच पत्रं एकाच विषयावर आलीत: बातम्या, त्यावरची भांडणं आणि आपण त्यात बोलावं का. नावं-गावं आम्ही नेहमीच काढतो, पण यावेळी काहींनी स्वतःहून लिहिलंय की कृपया तालुकासुद्धा छापू नका. त्यावरूनच काय ते समजा.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. युद्ध असो, आरक्षण असो नाहीतर शाळा बंद करायचा विषय असो, मला मत असतं आणि मी ते व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवते. परवा केंद्रप्रमुख म्हणाले, मॅडम ते काढा, उगाच वरून विचारणा नको. घरचे पण म्हणतात गप्प बस. मी काढलं, पण राग आलाय. बोलायचंच नाही का? आणि डिलीट केलं की विषय संपतो ना?

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नाही संपत.

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पुण्यातल्या एका 19 वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर एक पोस्ट शेअर केली. लोक अंगावर आले तशी दोन तासांत काढली आणि माफी पण मागितली. तरी कॉलेजने काढून टाकलं, अटक झाली, येरवड्यात गेली आणि तिकडे परीक्षा सुरू. 27 मे ला मुंबई हायकोर्टाने सरकारला आणि कॉलेजला दोघांनाही चांगलं सुनावलं, जामीन दिला, कॉलेजचा आदेश थांबवला आणि उरलेले पेपर देऊ दिले. पण आधीचे पेपर तर बुडालेच होते ना. म्हणजे पोस्टचं आयुष्य दोन तास, आणि त्यापायी तुरुंगात दोन आठवड्यांहून जास्त.

तुमच्या पेशातलंच दुसरं प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातलं. ऑगस्ट 2022 मध्ये एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी स्टेटस ठेवलं की 5 ऑगस्ट (कलम 370 हटवलं तो दिवस) हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, आणि 14 ऑगस्टच्या पाकिस्तानला शुभेच्छा. ते पालक आणि शिक्षकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होते, तिथल्यांनी स्टेटस पाहिलं आणि हातकणंगले पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, कलम 153 अ, म्हणजे गटागटांत द्वेष पसरवल्याचं. हायकोर्टात दिलासा मिळाला नाही, सुप्रीम कोर्टाने 7 मार्च 2024 ला गुन्हा रद्द केला आणि स्पष्ट म्हटलं की कलम 370 च्या निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणं म्हणजे द्वेष पसरवणं नाही, आणि शब्दांचा परिणाम मोजायचा तो शहाण्यासुरत्या माणसावर, पटकन बिथरणाऱ्यावर नाही. वाचायला फार छान वाटतं. फक्त तारखा बघा, ऑगस्ट 2022 ते मार्च 2024. एवढा काळ माणूस आरोपी म्हणून हिंडतोय, वकिलाची फी भरतोय, स्टाफरूममध्ये लोक त्याच्यापासून चार हात लांब बसतायत.

आणि पालघर तर सगळ्यांना आठवत असेल. नोव्हेंबर 2012, बाळासाहेबांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्यावर एका मुलीने फेसबुकवर प्रश्न विचारला, मैत्रिणीने नुसतं लाइक केलं, दोघींना अटक. काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली ती वेगळीच. केस टिकली नाही, पोलीस अधिकाऱ्यांचं निलंबन झालं, आणि याच प्रकरणावरून झालेल्या याचिकेत आयटी कायद्याचं 66 अ कलम (ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिणं गुन्हा ठरवणारं) सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. गंमत बघा, रद्द झाल्यावरही देशभर त्याच कलमाखाली गुन्हे दाखल होतच राहिले, शेवटी 2022 मध्ये कोर्टाला परत सांगावं लागलं की अहो हे कलम अस्तित्वातच नाही, केसेस काढा.

तिन्हीकडे कोर्टाने शेवटी बोलणाऱ्याच्या बाजूने माप टाकलं. म्हणजे हक्क आहे, कागदावर नाही, खराखुरा आहे. पण तो मिळतो सगळ्यात शेवटी, आणि शिक्षा होते सगळ्यात आधी, ती पण कोर्टाकडून नाही, तर कॉलेज, कंपनी, शेजारी, ग्रुप आणि पोलीस ठाण्याबाहेर जमलेल्या गर्दीकडून. म्हणून "माझं चुकलं का" एवढंच विचारून भागत नाही, मधला काळ मी काढू शकेन का हे पण विचारा. ज्याचं घर एका पगारावर चालतं त्याने हा हिशोब केला तर त्याला भित्रा म्हणू नये असं आमचं मत आहे. आणि हिशोब करून जो तरी बोलतो त्याला मूर्ख पण म्हणू नये.

तुमचं आणखी एक आहे, तुम्ही सरकारी पगारात. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना 1967 पासूनचे वर्तणूक नियम आहेत, आणि 28 जुलै 2025 ला राज्य सरकारने सोशल मीडियावर वेगळं परिपत्रक काढलं, ते स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू आहे. सरकारच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका नको, वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळी ठेवा, वैयक्तिक अकाउंटवर शासनाचा लोगो, गणवेश नको, असं बरंच त्यात आहे. आम्हाला स्वतःला ते जरा जास्तच सैल भाषेत लिहिलंय असं वाटतं, "प्रतिकूल टीका" मध्ये काय काय बसेल ते वरचा साहेब ठरवणार. पण आज ते लागू आहे, त्यामुळे तुम्हाला दोन बाजूंनी धोका आहे, पोलिसांचा कमी आणि शिस्तभंगाचा जास्त.

मग करायचं काय? तुमचे विषय वेगळे करा. शाळा बंद करायचा विषय तुमचा घरचा आहे, त्याची माहिती तुम्हाला मंत्र्यापेक्षा जास्त आहे, कुठल्या वाडीतली पोरं किती चालत येतात हे तुम्ही सांगू शकता. पण ते स्टेटसला 24 तास टाकून काय होणार, शाळा व्यवस्थापन समितीत पालकांकडून ठराव घ्या, ग्रामसभेत जाऊ द्या, संघटनेच्या लेटरहेडवर निवेदन द्या. तिथे तुम्ही एकट्या नसता आणि ठरावाचा कुणी स्क्रीनशॉट काढला तरी तो तुमच्याच फायद्याचा. युद्धाचं म्हणाल तर पहिले दोन-चार दिवस थांबा. सगळे पेटलेले असतात आणि बातम्या निम्म्या खोट्या असतात तेव्हा तुमचं बरोबर वाक्य पण चुकीच्या रांगेत जाऊन बसतं.

तरी कधी ठाण्यातून बोलावणं आलंच तर घाबरून फोन फॉरमॅट करू नका, पुरावा नष्ट केला म्हणतील. लेखी नोटीस मागा, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खाली येते, आणि वकील घेऊनच जा. मार्च 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका खासदाराच्या कवितेच्या प्रकरणात सांगितलंय की बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यात, जिथे शिक्षा 3 वर्षं ते 7 वर्षांच्या आत असते तिथे, गुन्हा नोंदवायच्या आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य. जुन्या 153 अ च्या जागी आलेलं न्याय संहितेचं 196 कलम त्यात बसतं. वकिलाला हे आठवण करून द्या, ठाण्यात सगळ्यांना माहीत असतंच असं नाही.

प्रश्न: बाबा एकच चॅनल लावून बसतात, रात्री 9 नंतर घरात बोलायची सोय नाही. धाकटा भाऊ यूट्यूबवर बरोब्बर उलट्या बाजूचं ऐकतो. दोघं एकमेकांना विकले गेलेले म्हणतात, हल्ली जेवायला पण एकत्र बसत नाहीत. खरी बातमी नेमकी कुठे मिळते ते सांगा, मी तेच लावून देतो.

दादा, असं एक बटण असतं तर आम्हीच आधी दाबलं असतं.

आधी धंदा समजून घ्या. गडचिरोलीत रिपोर्टर आणि कॅमेरामन पाठवायचा म्हणजे गाडी, राहणं, दोन-तीन दिवस, आणि हाती लागणार पाच मिनिटांचं फुटेज. त्याच पैशात चार पाहुणे घरबसल्या खिडक्यांमध्ये बसवून तासभर भांडण दाखवता येतं, रोज. भांडणाला बातमी लागतच नाही, विषय लागतो. टीआरपीच्या घोटाळ्याचं प्रकरण मुंबई पोलिसांनी बाहेर काढल्यावर ऑक्टोबर 2020 मध्ये बार्कने, म्हणजे टीआरपी मोजणाऱ्या संस्थेने, न्यूज चॅनलचे आकडे देणंच थांबवलं होतं, ते मार्च 2022 मध्ये परत सुरू झाले. मधल्या काळात आरडाओरडा कमी झाला? आम्हाला तरी जाणवलं नाही, कारण तोपर्यंत सवय प्रेक्षकाला पण लागली होती. आणि धाकट्याला सांगा, यूट्यूबवाला शांत आवाजात बोलतो म्हणून तो खराच असं नाही, त्याचा थंबनेल बघा एकदा, तो पण रोज त्याच गिऱ्हाइकाला तोच माल देतो.

बरं, हे आजचंच आहे असंही नाही. 1882 मध्ये "केसरी" नवीन होता तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय असा कारभारी बर्व्यांवर आरोप करणारा मजकूर छापून आला, आधार होता काही पत्रांचा. पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर दोघांनाही शिक्षा झाली, 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. हेतू चांगला, बाजू दुबळ्याची, लिहिणारे टिळक-आगरकर, आणि तरी कागद खोटा तर खोटाच. तुमच्या बाबांना हा किस्सा सांगा, चॅनलवरून वाद घालण्यापेक्षा जास्त ऐकतील.

आम्ही स्वतः एक करतो, पेपर उघडला की आधी जिल्ह्याचं पान. तिथली बातमी देणाऱ्याला उद्या त्याच चहाच्या टपरीवर त्याच लोकांना तोंड दाखवायचं असतं, त्यामुळे फेकाफेक जरा कमी होते (बंद होत नाही, जाहिराती आणि पुढारी तिथेही आहेतच). मोठ्या बातमीत एवढंच बघा की सांगणारा जागेवर होता का, दुसऱ्या बाजूला फोन केला का, आणि चुकलं तेव्हा खुलासा छापला का. चॅनलने फारच केलं तर तक्रार करता येते, कार्यक्रम दाखवल्यापासून 7 दिवसांच्या आत आधी त्या चॅनलला लिहायचं, समाधान नाही झालं तर एनबीडीएसए म्हणून त्यांचीच एक संस्था आहे तिच्याकडे जायचं. सगळी चॅनल्स तिचे सभासद नाहीत. पण दंड आणि व्हिडिओ काढायला लावणं हे तिने केलेलं आहे.

जेवणाच्या टेबलाचं मात्र आमच्या हातात नाही. रात्री 9 ला रिमोट लपवणं हा एक उपाय एका वाचकताईंनी मागे कळवला होता, चालतो म्हणे.

प्रश्न: मुलाला अमेरिकेत एमएस करायचंय. त्याने कॉलेजात असताना राजकारणावर खूप काय काय लिहिलंय. एजंट म्हणतो सगळी अकाउंट उडवा. काय करू?

एजंटचं ऐकू नका. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-160 फॉर्ममध्ये मागच्या 5 वर्षांतली सोशल मीडियाची नावं 2019 पासूनच विचारतात, आणि जून 2025 पासून विद्यार्थी व्हिसावाल्यांना प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगितलंय. अकाउंट होतं आणि लिहिलं नाही हे उघड झालं तर व्हिसा नाकारायला तेवढं पुरतं, मत काय होतं ते नंतरचं. शिव्या, कुणाला मारायच्या धमक्या, चेष्टेत टाकलेले बंदुकीचे मीम असलं काही असेल तर काढावं, ते तसंही काढायलाच हवं होतं. नुसती मतं असतील तर राहू द्या असं आम्ही म्हणू, पण व्हिसा अधिकारी काय बघेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, एजंट तर नाहीच.

आखातात नातेवाईक असतील त्यांनाही सांगून ठेवा. अमिरातीत 2021 च्या सायबर कायद्याखाली अफवा पसरवल्यास किमान 1 वर्ष कैद आणि 1 लाख दिरहम दंड आहे. इथल्या जातीधर्माच्या भांडणातल्या पोस्ट तिथून टाकल्यामुळे 2020 मध्ये भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. गावाकडच्या ग्रुपवर भांडताना आपण बसलोय कुठे हे लोक विसरतात.

प्रश्न: मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. एक काका रोज पहाटे भडकाऊ व्हिडिओ टाकतात. काही झालं तर मला पकडतील का?

नुसता ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा आधीपासून मिळून बेत असेल तर गोष्ट वेगळी. पण कायद्याचं जाऊ द्या. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं, अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. ते भटक्या समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, पोटासाठी आलेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं आणलं. त्या अफवा पुढे ढकलणाऱ्यांत पण कुणी काकाच असणार, हेतू चांगलाच असणार, मुलांची काळजी.

तेव्हा व्हिडिओ ॲडमिन म्हणून सगळ्यांसाठी डिलीट करा, तो ऑप्शन आहे. ग्रुपवर उत्तर देऊ नका, त्यांना सगळ्यांसमोर माघार घ्यायला लावलीत तर उद्या दोन टाकतील. फोन करा, किंवा सरळ वर जाऊन बसा, चहा घ्या, आणि विचारा की काका हा व्हिडिओ कुठल्या गावचा, कधीचा. बहुतेक वेळा त्यांनी स्वतः तो शेवटपर्यंत पाहिलेला नसतो. नाहीच ऐकलं तर "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील" हे सेटिंग रात्री चालू करा आणि सकाळी टँकरची वेळ टाकून झाली की बंद करा.