रिव्हर्स घेणारा नेहमीच दोषी?

प्रश्न : गेल्या रविवारी एका मॉलच्या बेसमेंटमध्ये मी रिव्हर्स घेऊन गाडी बाहेर काढत होते. तेवढ्यात एक गृहस्थ जमिनीवरच्या बाणाच्या उलट दिशेनं आले आणि माझ्या मागच्या बंपरचा कोपरा त्यांच्या गाडीच्या डाव्या अंगाला लागला. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत लांब ओरखडा उठलाय. ते म्हणतात, “मी थांबलो होतो, हॉर्नही दिला. रिव्हर्स घेणाऱ्याचीच चूक.” दोन दारं आणि पुढचा बंपर असं १४,००० रुपयांचं एस्टिमेट त्यांनी पाठवलंय. शेजारी सांगतात, खासगी जागेत इन्शुरन्स चालतच नाही. पैसे द्यावेत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, आधी कडू ते सांगतो. मागचा रस्ता मोकळा आहे याची खात्री केल्याशिवाय रिव्हर्स घेऊ नये, असं २०१७ ची वाहन चालवण्याची नियमावली सांगते. त्यामुळे पहिलं बोट तुमच्याकडेच येणार. मोठी गाडी शेजारी उभी असली की मागचं काही दिसत नाही, हे खरं. पण तेव्हा इंचाइंचानं मागे यायचं असतं. निवृत्तीनंतर तिसऱ्याच महिन्यात मी सोसायटीतल्या खांबाला बंपर लावला, तेव्हा आमच्या वॉचमननं मला हेच ऐकवलं.

पण ‘रिव्हर्सवाल्याचीच चूक’ असा कायदा नाही. हलगर्जीपणा दोघांचा असला तर नुकसानही दोघांत वाटलं जातं. इथे मला बोलका वाटतो तो ओरखडा. विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा, म्हणून सव्वीस वर्षं मी ठोकलेल्या गाड्या पाहिल्या. उभ्या गाडीला बंपरचा कोपरा लागला तर एका जागी पोचा पडतो, फार तर वीतभर खरवडतं. दोन दारांवरून लांब रेघ ओढली जाते ती बहुधा गाडी पुढे सरकत असताना. म्हणजे ‘थांबलो होतो’ हे मला पटत नाही. त्यात बाणाच्या उलट येणं. तो बाण मॉलनं रंगवलेला, सरकारी नव्हे. तरी तुम्ही कुठल्या बाजूला आधी बघाल ते त्यानंच ठरतं. मी सर्व्हेला आलो असतो तर जास्त वाटा तुमचा धरला असता, पण सगळा नक्कीच नाही.

हॉर्नचं म्हणाल, तर हॉर्न दिला म्हणजे वाट मिळाली, हा आपला राष्ट्रीय गैरसमज आहे.

मॉलच्या व्यवस्थापकाकडे आजच लेखी अर्ज देऊन सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग जपून ठेवायला सांगा. त्यावर नवं रेकॉर्डिंग चढायला वेळ लागत नाही. दोन्ही गाड्या जागच्या जागी असताना, बाण दिसेल असा फोटो काढला असेल तर उत्तमच.

शेजाऱ्यांचं चुकतंय. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा खासगी आवारातही लागू असतो. मॉलमध्ये तर कुणीही येतं-जातं, त्यामुळे थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यासाठीही ती सार्वजनिक जागाच. खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. पण त्यासाठी त्या गृहस्थांना मोटार अपघात न्यायाधिकरणात जावं लागेल आणि १४,००० साठी तिथली पायरी कुणी चढत नाही. ते आपल्याच पॉलिसीवर क्लेम करतील किंवा तुमच्या मागे लागतील.

तुमच्या बंपरसाठी मात्र क्लेम करण्याआधी हिशेब मांडा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, ५० टक्के असतो. स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम १२,००० धरला तर तुम्ही ६,००० भरता. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी पूर्ण १२,०००, त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्के सूट मिळून ९,६००. दोन वर्षांतच ९,६०० जादा गेले. बंपरचा रंग त्याहून स्वस्तात होतो.

त्या गृहस्थांशी मात्र बोला, आणि जे ठरेल ते कागदावर सही घेऊनच द्या. बोलताना एवढंच विचारा : धडक दारांना बसली, मग एस्टिमेटमध्ये पुढचा बंपर कसा आला?