वाचक विचारतात: जुन्या सामानात सापडलेला टोकवाला बल्ब

प्रश्न: नमस्कार, सेकंडहँड सेलला जायची मला फार आवड आहे. परवा स्क्रू, तुटके प्लग, वायरी असल्या सटरफटर सामानाच्या खोक्यात एक बल्ब मिळाला, डोक्यावर काचेचं बारीक टोक आहे आणि आत काळपट, एकच वळसा घेतलेली तार. हा खरंच जुना असेल की हॉटेलात शोसाठी लावतात तसला? होल्डरला लावून बघू का?

उत्तर: आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते, लावून बघू नका, प्लीज! चांगले टिकलेले बल्ब नेमके याच पायी जातात. तो 110 व्होल्टचा निघाला आणि तुमच्याकडे 230 चा सप्लाय असला तर क्षणात संपेल, शिवाय जुनी कॅप (होल्डरमध्ये बसतो तो धातूचा भाग) काचेपासून सुटलेली असली तर शॉक बसायची भीती वेगळीच.

वर्णन वाचून मला मात्र खूप आशा वाटतेय. बल्बमधली हवा ओढून घ्यायला पूर्वी वरच्या बाजूला काचेची नळी जोडायचे आणि काम झालं की ती वितळवून बंद करायचे, तुमच्या बल्बचं टोक म्हणजे त्याचीच खूण. 1920 च्या दशकात ही नळी खाली कॅपच्या आत गेली आणि टोक दिसेनासं झालं. पण नुसत्या टोकावर विश्वास ठेवू नका, हल्लीच्या शोच्या बल्बलाही मुद्दाम टोक काढतात.

खरी गोष्ट फिलामेंट, म्हणजे आतली पेटणारी तार, सांगतं. कार्बनचं असेल तर काळपट, चमक नसलेलं, केसांच्या पिनेसारखं किंवा एखाद-दुसरा वळसा घेतलेलं. 1910 च्या सुमाराला अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या कूलिजने टंगस्टन धातूची लवचिक तार बनवली, त्यानंतरच्या बल्बांत बारीक तार मधल्या काचेच्या दांडीभोवती बारीक हुकांवरून खालीवर फिरवलेली दिसते, आणि 1913 मध्ये त्याच कंपनीच्या लँगम्युअरने आत गॅस भरून तारेची गुंडाळी केली तेव्हापासून स्प्रिंगसारखं फिलामेंट आलं. आत पिवळ्या काड्या दिसल्या तर तो सरळ एलईडी, खाली ठेवा. हां, एक आहे, कार्बनचे बल्ब टंगस्टन आल्यावरही बरीच वर्षं बनत होते, म्हणून कॅपही बघा. एडिसनच्या अगदी सुरुवातीच्या बल्बांच्या कॅपमध्ये प्लास्टर भरलेलं असायचं, आणि लेबलवर वॅटऐवजी 16 कँडलपॉवर (उजेड मोजायचं जुनं माप) असं काही लिहिलेलं असेल तर फारच छान.

न पेटवता तपासायचं तर मल्टिमीटर घ्या आणि ओहमवर लावून रेझिस्टन्स मोजा. 110 व्होल्ट 50 वॅटच्या बल्बचा पेटलेला असताना रेझिस्टन्स साधारण 242 ओहम येतो, कार्बन थंड असताना याच्या दुपटीच्या आसपास दाखवतो आणि टंगस्टन बरोबर उलटं, थंड असताना जेमतेम वीसेक ओहम, म्हणजे फिलामेंट शाबूत आहे का आणि कशाचं आहे हे एकदमच कळतं. मला ही टेस्ट सगळ्यात आवडते. फक्त आत हवा शिरलीय का ते यातून समजत नाही. पेटलेला बघायचाच असेल तर ज्याच्याकडे व्हेरिअॅक (व्होल्टेज कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) आहे अशा जाणकाराकडून व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवून घ्या, तेही पूर्ण नको, मंद लालसर उजेड पुरे.

प्रश्न: फिलामेंट तुटलेला बल्ब घ्यावा का? आणि सेलमध्ये नेमकं कुठे शोधायचं?

उत्तर: घ्या की! कॅप, काच, कागदी लेबल हे सगळं अभ्यासाचंच आहे. फक्त धुऊ नका, लेबल आणि काचेवरचं छापील अक्षर एका पुसण्यात जातं, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका बस.

शोधायचं म्हणाल तर बल्बच्या ढिगात कमी आणि जुन्या टेबललॅम्पमध्ये जास्त, कारण शेवटचा लावलेला बल्ब कोणी काढलेलाच नसतो. जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हचे (बल्बसारख्या काचेच्या नळ्यांचे) डबे आणि हत्यारांच्या पेट्याही उघडून बघा. एखाद्या बल्बमध्ये तार नसून पत्र्याची फुलं-पानं दिसली तर खराब समजून सोडू नका, तो निऑन ग्लो लॅम्प असतो, एअरोलक्स कंपनीचे असे बल्ब प्रसिद्ध आहेत. त्यात पत्र्याभोवतीचा गॅसच चमकतो, त्यामुळे मल्टिमीटर काहीच दाखवणार नाही आणि विकणाराही बहुतेक तो गेलेला म्हणूनच देईल.

घरी आणताना प्रत्येक बल्ब वेगळा गुंडाळा, टोक वर ठेवा आणि त्यावर दुसरं सामान येऊ देऊ नका, काच सगळ्यात आधी तिथेच फुटते.