सहआरोपीच्या शब्दावरून शिक्षा होते का?

प्रश्न : माझे पती पतसंस्थेत लेखापाल होते. बनावट कर्ज प्रकरणात व्यवस्थापकाबरोबर त्यांनाही गेल्या महिन्यात अटक झाली. कटाचं कलम लागलं आहे. व्यवस्थापकाने पोलिसांना जबाब दिला, 'यांना सगळं ठाऊक होतं.' शिवाय कर्जवाटप चालू असताना त्याने एका कर्जदाराला व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं, 'नोंदींचं आमचे लेखापाल बघतील.' दुसऱ्याच्या बोलण्यावरून यांना शिक्षा होईल का?

उत्तर : ताई, सगळ्यांची भीती त्या जबाबाची असते. माझी काळजी मात्र संदेशाची आहे.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 नुसार आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही, मग तो तुमच्या पतीविरुद्ध कुठून वापरणार? (मकोका लागला असता तर गोष्ट वेगळी होती. तिथे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब चालतो.) व्यवस्थापकाने उद्या दंडाधिकाऱ्यांसमोर कबुली दिली आणि खटला एकत्र चालला, तर कलम 24 खाली न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. पण ती फक्त इतर पुराव्याला टेकू म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये हरिचरण कुर्मी प्रकरणात हे ठामपणे सांगितलं आहे. तो माफीचा साक्षीदार झाला तर मात्र पिंजऱ्यात येईल, आणि तिथे त्याची उलटतपासणी घेता येईल.

आता संदेश. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 10 आता या नव्या साक्ष अधिनियमात कलम 8 झालं आहे. कट चालू असताना, त्याच समान उद्देशाला धरून एका कटवाल्याने जे म्हटलं, लिहिलं किंवा केलं, ते बाकीच्यांविरुद्ध वापरता येतं. 'माझ्या अपरोक्ष लिहिलं, मला माहीत नव्हतं' एवढा बचाव पुरत नाही. 1940 च्या मिर्झा अकबर खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, हीच रेषा आखली. कट संपल्यावर, अटकेनंतर सहआरोपीने दंडाधिकाऱ्यांना सांगितलेलं वगळलं, पण कट चालू असतानाची पत्रं विचारात घेतली. आणि अपील फेटाळलंच. म्हणून मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही.

पण या दाराला उंबरठा आहे. तुमचे पती कटात सामील होते असं मानायला वाजवी आधार असल्याशिवाय कलम 8 लागत नाही, आणि तो आधार सरकार पक्षाने आधी दाखवायचा असतो. एकट्या त्या संदेशावर तो उभा राहू नये, असाच युक्तिवाद तुमच्या वकिलांनी करावा. 'बघतील' म्हणजे काय? नोंदी करणं हे लेखापालाचं रोजचं कामच. कर्जमंजुरीवर त्यांची सही आहे का, पैसा त्यांच्या खात्यात आला का, बनावट कागदपत्रं त्यांच्या हाताखालून गेली का, यावर सगळं ठरेल.

आरोपपत्राची प्रत मिळाली की वकिलांसोबत संदेशाची तारीख पाहा, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं कलम 63 चं प्रमाणपत्र जोडलंय का तेही. पतसंस्थेत त्यांना नेमून दिलेल्या कामाचा लेखी आदेश घरात असेल तर आजच शोधून ठेवा. आणि व्यवस्थापकाच्या घरच्यांशी तुमच्यापैकी कोणीही एक शब्दही बोलू नका, फोनवरसुद्धा नाही.