नीसमधल्या फ्लॅटच्या साठेखतावर सही झाली. आता मागे फिरता येईल का?

प्रश्न : मी ९ वर्षांपासून फ्रान्समध्ये आहे. नोकरी सोफिया अंतिपोलिसला, भाड्याने राहतो अँतिबला. आई-बाबा पुण्यात असतात. नीसमध्ये समुद्रापासून चालत १० मिनिटांवर ४६ चौरस मीटरचा दोन खोल्यांचा फ्लॅट २,८५,००० युरोंना घ्यायचं ठरवलं. बाबा १,२०,००० युरो पाठवणार, उरलेलं इथल्या बँकेचं कर्ज. आई-बाबा वर्षातून दोन महिने येऊन राहतील, बाकीचे दिवस फ्लॅट एरबीएनबीवर द्यायचा आणि त्या भाड्यातून हप्ता फेडायचा, असा बेत. एजंट म्हणाला, ‘सध्याचे मालक ५ वर्षं हेच करतायत, नोंदणी क्रमांक आहे, तुम्ही फक्त पुढे चालू ठेवायचं.’ गेल्या गुरुवारी कोंप्रोमीवर सही केली आणि ५ टक्के, म्हणजे १४,२५० युरो इसार भरला. कोंप्रोमी शुक्रवारी रजिस्टर्ड पत्राने मिळाली. सोसायटीची कागदपत्रं मात्र काल, बुधवारी आली. त्यात असं काही वाचलं की झोप उडाली. माघार घेतली तर इसार बुडेल का?

उत्तर : तुमचं पत्र गुरुवारी दुपारी मिळालं आणि त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, कारण या प्रकरणात आधी कॅलेंडर बघावं लागतं, कायदा नंतर. फोनवर घाईत सांगितलेलं इथे सविस्तर लिहिते. अशी पत्रं मला वरचेवर येतात.

कोंप्रोमी म्हणजे आपल्याकडचं साठेखत. खरेदीखत नंतर नोतेरसमोर, म्हणजे मालमत्तेचे व्यवहार नोंदवणाऱ्या सरकारमान्य कायदेतज्ज्ञासमोर होतं, साधारण तीन महिन्यांनी. पण आपल्याकडच्या साठेखतात नसलेली एक सोय फ्रेंच कायद्याने घर घेणाऱ्या सामान्य माणसाला दिली आहे : सहीनंतर १० दिवसांत, कोणतंही कारण न देता, एक पैसाही न गमावता माघार. हे दिवस साठेखताचं पत्र पहिल्यांदा दारात आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. तुम्हाला साठेखताचं पत्र शुक्रवारी आलं, म्हणून शनिवार पहिला दिवस आणि येता सोमवार दहावा. सोमवारी मध्यरात्रीपर्यंत तुम्ही मोकळे आहात.

खरं तर त्याहून जास्त वेळ तुमच्या हातात आहे. २०१४ पासून विक्रेत्यावर बंधन आहे की सोसायटीचे नियम, गेल्या ३ वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं आणि थकबाकीचा तपशील त्याने उशिरात उशिरा साठेखताच्या वेळी द्यायचा. ते न दिल्यास १० दिवस कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात. तुम्हाला कागद बुधवारी मिळाले. त्या हिशेबाने दहावा दिवस शनिवारी येतो, आणि शेवटचा दिवस शनिवार-रविवारी किंवा सुट्टीला आला तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर जाते. म्हणजे आणखी आठवडाभर. पण माझा आग्रह आहे, या जादा आठवड्याच्या भरवशावर राहू नका. तो सिद्ध करायचा तर कागद कोणत्या दिवशी कोणत्या ईमेलने आले यावर वाद घालावा लागेल. पहिल्या मुदतीतच पत्र गेलं तर वादाला जागाच राहत नाही.

आता माघार घ्यायची की नाही? त्यासाठी एजंटचं वाक्य तपासू. ‘नोंदणी क्रमांक आहे, तुम्ही फक्त पुढे चालू ठेवायचं.’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की फाइल उघडायच्या आधीच मनात धास्ती बसते.

पर्यटकांना सुसज्ज घर देणाऱ्याला एक नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो जाहिरातीत छापावा लागतो. ऑनलाइन माहिती भरली की क्रमांक येतो. पण तो निव्वळ नोंदीचा क्रमांक आहे, ती परवानगी नाही. दोन लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत (नीसची वस्ती साडेतीन लाखांच्या घरात आहे) राहतं घर नसलेला फ्लॅट वारंवार, थोड्या-थोड्या दिवसांसाठी पाहुण्यांना देणं म्हणजे घराच्या ‘वापरात बदल’. त्यासाठी नगरपालिकेची वेगळी परवानगी लागते. हा नियम युरोपीय कायद्याला धरून नाही, असं म्हणत पॅरिसमधली एक मालक कंपनी थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेली होती. २२ सप्टेंबर २०२० ला न्यायालयाने निकाल दिला : भाड्याच्या घरांची टंचाई असलेल्या शहरांना असा नियम करता येतो.

सामान्य मालकाला ही परवानगी बहुतेक वेळा ठराविक मुदतीची मिळते, आणि ती त्या व्यक्तीला असते, भिंतींना नसते. मालक बदलला की परवानगी संपली. सध्याच्या मालकांकडे ती असली तरी खरेदीखताच्या दिवशी तुमच्या हाती शून्य. दुसरी वाट भरपाईची. एखादी दुकानाची किंवा कार्यालयाची जागा राहण्यालायक करून द्यायची आणि त्या बदल्यात आपल्या फ्लॅटचा वापर कायमचा बदलून घ्यायचा. ही परवानगी फ्लॅटला चिकटते, विक्रीबरोबर पुढे जाते, पण तिचा खर्च इतका की एका ४६ मीटरच्या फ्लॅटसाठी कोणी त्या फंदात पडत नाही. तुमच्या फाइलमध्ये तसा कागदही नाही. मुळात विक्रेत्याने कोणतीच परवानगी जोडलेली नाही, फक्त क्रमांक जोडलाय.

परवानगीशिवाय भाड्याने दिल्यास एका घरामागे १,००,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. १९ नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने ही मर्यादा ५०,००० वरून दुप्पट केली. नोंदणीत खोटी माहिती भरली तर २०,००० युरोंपर्यंतचा दंड निराळा. माझे एक अशील जुन्या मालकाच्या क्रमांकावर दोन उन्हाळे फ्लॅट चालवत राहिले. त्यांच्या मनात फसवणूक नव्हती, कोणी सांगितलंच नव्हतं. नगरपालिकेचं पत्र आलं तेव्हा त्या दोन उन्हाळ्यांची कमाई दंड आणि खर्चात गेली, आणि हप्ते तसेच राहिले.

आता तुमची झोप उडवणारा कागद. सोसायटीच्या नियमांत लिहिलंय की इमारत ‘क्लोझ बुर्झ्वाज’खाली येते : घरं फक्त राहण्यासाठी, डॉक्टर-वकिलाचा दवाखाना किंवा कार्यालय चालेल, व्यापार चालणार नाही. फोनवर तुम्ही एका मित्राचं मत सांगितलंत, तो म्हणतो तसं यावरूनच पर्यटक भाडं बंद होतं का? नाही. फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २५ जानेवारी २०२४ ला एका प्रकरणात म्हटलंय की नाश्ता, रोजची साफसफाई अशा हॉटेलसारख्या खास सेवा नसतील तर पाहुण्यांना सुसज्ज घर देणं हा व्यापार नव्हे. (कर खातं मात्र त्याच भाड्याला व्यापारी उत्पन्न धरतं. एकाच व्यवहाराकडे दोन कायदे दोन नजरांनी बघतात, त्यात गोंधळून जाऊ नका.)

पण तेच कलम आता दुसऱ्या बाजूने तुमच्यावर येतं. २०२४ च्या कायद्यानुसार, नियमांत व्यापाराला आधीच मनाई असलेल्या इमारतीत सभासद दोन-तृतीयांश मतांनी ठराव करून राहतं घर नसलेले फ्लॅट पर्यटकांना द्यायला बंदी घालू शकतात. तुमची इमारत नेमकी अशीच आहे. पूर्वी अशा बंदीला एकमत लागे, त्यामुळे एक सभासद आडवा आला तरी ठराव पडायचा.

आणि म्हणून मी तुमच्या फाइलमधलं गेल्या जूनचं इतिवृत्त पुन्हा पुन्हा वाचलं. पान ११, ठराव क्रमांक १७. पर्यटक भाड्याला बंदी. मालकीच्या हिश्शांनुसार मोजलेल्या १००० मतांपैकी बाजूने ४४८, विरोधात १९०. ठराव नामंजूर. एजंटने याच ओळीकडे बोट दाखवून तुम्हाला धीर दिला. पण ४४८ आणि १९० ची बेरीज ६३८ होते. उरलेली ३६२ मतं कुठे गेली? ते लोक सभेला आलेच नाहीत, प्रतिनिधीही पाठवला नाही. सुट्टीपुरते येणारे मालक असतील, किंवा वारसांत वाटणी न झालेले फ्लॅट. त्यांनी बंदीला नकार दिलेला नाही, ते फक्त गप्प आहेत. बंदीला ६६७ मतं लागतात (शिवाय डोकी मोजूनही बहुमत), म्हणजे २१९ कमी पडली. इतिवृत्तातच खाली नोंद आहे की चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी रात्री दोनला जिन्यात सूटकेस ओढण्याच्या आवाजाची तक्रार मांडली आणि विषय पुढच्या सभेत पुन्हा घ्यायचं ठरलं. पुढची सभा तुमच्या खरेदीखतानंतर होईल. ज्या भाड्यावर तुमचा हप्ता अवलंबून आहे ते एका सभेत बंद होऊ शकतं, आणि बंद करू पाहणारे तुमचे रोजचे शेजारी असतील.

त्यांचीही बाजू मला कळते. नीस दोन-अडीचशे वर्षं पाहुण्यांना सामावत आलंय. प्रोमनाद देझांग्ले या नावातच इथे हिवाळा काढायला येणारे इंग्रज आहेत. पण आज इथल्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंना शाळेच्या वस्तीत भाड्याचं घर मिळत नाही. हा कायदा त्या अडचणीतून आलाय, तो सैल होईल या आशेवर कर्ज काढू नये.

माझा सल्ला स्पष्ट आहे : पहिल्या मुदतीत माघार घ्या. तुम्हाला हाच फ्लॅट मनापासून हवा असेल तर माघारीनंतर विक्रेत्याला नवं साठेखत करायला सांगा, ज्यात अट असेल की नगरपालिकेची वापरबदलाची परवानगी तुमच्या नावाने मिळाली तरच व्यवहार पुरा होईल. विक्रेता नकार देईल, अशी शक्यता बरीच आहे. देऊ दे. सोसायटीच्या सभेची अट मात्र कुठल्याच साठेखतात बसत नाही, कारण बंदी उद्याही येऊ शकते आणि ३ वर्षांनीही.

त्याच मित्राने तुम्हाला सुचवलंय, ‘कर्ज नाकारलं असं दाखव, कर्जाच्या अटीवर सुटशील.’ हे करू नका. ती अट खऱ्या नकारासाठी आहे. जाणूनबुजून अर्जच न करणं किंवा साठेखतात लिहिल्यापेक्षा जास्त रक्कम मागून नकार मिळवणं न्यायालयात टिकत नाही, आणि मग १० टक्के, म्हणजे २८,५०० युरो द्यावे लागतात. हातात सरळ वाट असताना वाकडी कशाला?

फ्लॅट घ्यायचाच, पण पर्यटकांशिवाय, असं ठरलं तर हिशेब वेगळा. विद्यार्थ्याला ९ महिन्यांचा सुसज्ज भाडेकरार किंवा बदलीवर-प्रशिक्षणाला आलेल्याला १ ते १० महिन्यांचा ‘बाय मोबिलिते’ यांना वापरबदलाची परवानगी लागत नाही. विद्यार्थी जूनमध्ये गेला की उन्हाळ्यात आई-बाबांना घर मोकळं. (त्या तीन महिन्यांत पर्यटकांना द्यायचं तर मात्र परवानगी लागतेच.) किंवा तुम्ही अँतिब सोडून स्वतः तिथे राहायला जा. वर्षातले ८ महिने राहिलात तर ते तुमचं राहतं घर, आणि ते वर्षाला १२० दिवसांपर्यंत पाहुण्यांना देता येतं. ही मर्यादा ९० दिवसांवर आणायचा अधिकार नगरपालिकेला आहे, तेव्हा जायच्या आधी तिथला चालू ठराव लेखी मागा. ऊर्जेचा दाखलाही बघा : ‘जी’ श्रेणीचं घर १ जानेवारी २०२५ पासून नव्या भाडेकरूला राहायला देता येत नाही, ‘एफ’ला २०२८ पासून बंदी येईल.

एजंटने तुम्हाला फ्लॅट कंपनीच्या नावावर घ्यायला सुचवलंय. ती कंपनी, म्हणजे एससीआय (घर-जमीन बाळगण्यासाठी काढतात ती फ्रेंच कंपनी), काढू नका. सुसज्ज भाडं सुरू झालं की तिला कंपनी कर लागू होतो, आणि आई-बाबा त्यात भागीदार झाले तर भारतात परदेशी गुंतवणुकीचे स्वतंत्र कागद सुरू होतात.

बाबांच्या १,२०,००० युरोंचं तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय, पण तिथे मोठा खड्डा आहे. भारतातून एका निवासी व्यक्तीला वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात, तेव्हा रक्कम बसते. १० लाख रुपयांच्या वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा होणारा कर) कापेल. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोपर्यंत तेवढे पैसे अडकतात, आधीच तजवीज करा. ही रक्कम पाठवण्यासाठी भारतातल्या बँकेकडून कर्ज घेता येत नाही. खरी अडचण फ्रान्समध्ये आहे. तुम्ही गेल्या १० वर्षांपैकी ६ हून जास्त वर्षं इथले रहिवासी आहात, म्हणून पुण्याहून आलेल्या बक्षिसावरही फ्रेंच देणगी कर लागतो. एका पालकाकडून एका मुलाला १५ वर्षांत १,००,००० युरो माफ. बाबांनी एकट्याने दिले तर ही माफी अपुरी पडते. रोख बक्षिसाची ३१,८६५ युरोंची आणखी एक सवलत आहे, तिला देणाऱ्याच्या वयाची अट आहे. आई आणि बाबांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या बचतीतून ६०,००० दिले तर दोघांचीही रक्कम माफीत बसते. कर शून्य आला तरी फ्रेंच कर खात्याकडे ते घोषित करायचंच. हे पैसे बक्षीस आहेत की उसने, हे आई-बाबांशी बसून आज ठरवा, नोतेर पैशाचा उगम विचारेल तेव्हा नव्हे.

सोमवारसाठी एवढं करा. साठेखतात माघारीचा पत्ता दिलेला असेल, त्याच पत्त्यावर पोचपावतीचं रजिस्टर्ड पत्र टाका. पत्रात फ्लॅटचा पत्ता, साठेखताची तारीख आणि ‘मी माघार घेत आहे’ एवढंच. कारण लिहू नका, एजंटला दोष देऊ नका, नव्या अटींची भाषा त्या पत्रात आणू नका, त्यासाठी नंतर वेगळा ईमेल पाठवा. शक्य असेल तर शनिवारी सकाळीच पोस्टात जा. पत्र पोचायला दोन दिवस लागले तरी चालेल, टाकल्याची तारीख धरतात. पोस्टाच्या शिक्क्याची पावती फोटो काढून जपा. इसार ज्याच्या खात्यात आहे त्याला तो २१ दिवसांत परत करावा लागतो, आणि तो वेळेत आला नाही तर मला पहिल्यांदा तीच पावती लागेल.