हलत नाही, दुखत नाही, तरी मूळ विरघळतंय

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. आठ महिन्यांपूर्वी सायकलवरून पडून त्याचा वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. तासाभराने डॉक्टरांनी तो परत बसवला. आता एक्स-रेत मूळ विरघळताना दिसतंय. दात दुखत नाही, अजिबात हलत नाही. रूट कॅनाल केलं तर हे थांबेल का?

उत्तर : ताई, 'अजिबात हलत नाही' हे तुम्ही समाधानाने लिहिलंय, पण मी नेमकी तिथेच थांबले. निरोगी दात बोटाने दाबला की किंचित दबतो, कारण मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक मऊ पडदा असतो. दात बाहेर कोरडा राहिला की तो पडदा मरतो आणि हाड थेट मुळाला चिकटतं. मग मूळ हळूहळू विरघळतं आणि त्या जागी हाडच तयार होतं.

तपासताना मी आरशाच्या दांड्याने आधी शेजारच्या दातावर टिचकी मारते, मग या दातावर. शेजारचा बद्द वाजतो. चिकटलेला दात धातूवर मारल्यासारखा टणटणीत वाजतो. तुमच्या डॉक्टरांना हे करून बघायला सांगा.

हे विरघळणं रूट कॅनालने थांबत नाही. पण एक्स-रेत मुळालगतच्या हाडात काळे खड्डे दिसत असतील, तर मेलेल्या नसेतले जंतू मूळ खातायत. तिथे एक आठवडाही दवडू नका. लहान वयात असं मूळ काही महिन्यांत संपू शकतं. आतून साफ करून कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं की बहुतेकदा थांबतं. कधी दोन्ही प्रकार एकाच दातात असतात.

दात नुसता चिकटलेला असेल तर तो उपटायची घाई मात्र करू नका, सोबत हाड तुटून येतं. जबडा वाढतो, शेजारचे दात खाली सरकतात, हा तिथेच अडकून आखूड दिसू लागतो. हा फरक वाढत चालला की वरचा भाग कापून मूळ हिरडीखाली ठेवतात. त्याचं हाड होतं आणि जबड्याची रुंदी टिकते. वर तात्पुरता दात बसवता येतो. इम्प्लांट वाढ पूर्ण झाल्यावरच.

तोवर दर तीन महिन्यांनी समोरून, दात दिसतील असा एक फोटो काढा आणि पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे जपून ठेवा.